भिंगरीचा ठेका

कुकरची शिट्टी होणार हे भिंगरीच्या आईला शिट्टीच्या आधी कळायचं. आत वाफ कोंडल्याची सुरसुर कानावर आली की ती हातातलं काम टाकून ओरडायची, "भिंगरे, शिट्टी!" म्हणजे भिंगरीने जिथे असेल तिथे काहीतरी घट्ट धरायचं. कारण अचानक आवाज झाला की पोरीचं अंग लाकडासारखं ताठ व्हायचं, गुडघे एकमेकांवर आपटायचे, आणि उभी असली तर ती आहे तशी आडवी व्हायची. दार आपटलं, ताट पडलं, खालून कुणी हॉर्न वाजवला, काहीही पुरायचं. कपाळावर जुन्या टाक्यांच्या खुणा होत्या, त्यातली प्रत्येक खूण कुठल्या आवाजाची हे आईला पाठ होतं.

पाळण्यात असताना पोर डोळे असे गरागरा फिरवायची की बाबाने हौसेने तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली. पुढे कळलं की तिला सेरेब्रल पाल्सी आहे. मेंदू पायांना निरोप धाडतो, पण तो वाटेत अडखळतो, उशिरा पोचतो, कधी दोन्ही पायांना एकदमच पोचतो. पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकतात, टाच जमिनीला लागत नाही. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. नात्यातली माणसं मागे म्हणायची, नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याच्या धंद्यात माणसं रोजच मध्येच अडकलेली असायची आणि त्यांना आधी हसवावं लागायचं. तो म्हणायचा, "कथलाचा तर कथलाचा. वाळा आहे ना?"

आईला असलं हसणं जमत नसे. ती चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायची आणि फ्रेममध्ये बसवायची. काच केसभर सरकली तरी गिऱ्हाइकाचं डोकं चढतं. तीच सवय घरी आली होती. भिंगरी वॉकर धरून चालायची तेव्हा आईचा हात तिच्या फ्रॉकच्या पाठीवर असायचाच. फ्रॉक फाटायचे ते पाठीवर, गुडघ्यावर नाही.

मुलांच्या व्यायामकेंद्रात नवी बाई आली तेव्हा तिने पहिली गोष्ट हीच पाहिली. उंच, हडकुळी, केस कसेबसे बांधलेले. मुलं तिला व्यायामताई म्हणायची. तिने भिंगरीला वॉकरसकट खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवलं आणि स्वतः डोळे मिटून उभी राहिली.

"बघत नाही का तुम्ही?" आईने विचारलं.

"ऐकतेय," ती म्हणाली. "डावा पाय वेळेवर येतो. उजवा उशिरा येतो आणि मग घाई करतो."

तिने खिशातून तळहाताएवढं यंत्र काढलं आणि सुरू केलं. टक, टक, टक. आईने सवयीने फ्रॉक धरला. पण पहिल्या ठोक्याला भिंगरी दचकली ती दचकली, दुसऱ्याला कमी, आणि चौथ्यापाचव्याला तिने मान वाकडी करून ऐकायला सुरुवात केली. व्यायामताईने ठोके पोरीच्याच चालीइतके हळू लावले होते. "प्रत्येक टकवर एक पाऊल," ती म्हणाली. "पाऊल चुकलं तर सोडून द्यायचं, पुढचा टक पकडायचा. ते येतातच."

बराच वेळ काही झालं नाही. मग ताईने ठोके किंचित जलद केले, आणि भिंगरीची उजवी टाच जमिनीला लागली.

आईला वाटलं, आपल्याला भास झाला. ती खाली वाकली, जवळजवळ फरशीला नाक लावून बघायला लागली. टाच लागत होती. दर वेळी नाही, पण लागत होती. पायांमध्ये अंतर होतं. जी पोर आवाजाने पडायची, ती आवाजाने चालत होती. आई फरशीवर तशीच बसून राहिली, इतकी की केंद्रातल्या मदतनीस मावशींनी चक्कर आली का म्हणून विचारलं.

"जादूबिदू नाही हं," ताईने लगेच सांगून टाकलं. "सगळ्याच मुलांना याचा सारखा फायदा होत नाही. पाऊल कधी टाकायचं हे ठरवण्यातच हिचा गोंधळ होतो. ठोक्यांचा अंदाज येतो. पुढचा कधी पडणार हे कानाला आधीच कळलेलं असतं, म्हणून पाय तयार राहतात. पण ताणाचे व्यायाम, बूट, उभं राहणं, यातलं काही सुटणार नाही."

काही सुटलं नाहीच. उलट वाढलं. घरी सकाळ-संध्याकाळ टकटक सुरू झाली. बाबा म्हणाला, "सुतार पाळल्यासारखं वाटतंय." ताईने मग नवाच खेळ काढला. भिंगरी चालत असताना ती मध्येच यंत्र बंद करायची. "आवाज गेला तरी ठेका तोंडात चालू ठेव." पहिल्यांदा भिंगरी जागच्या जागी थिजायची. मग ती स्वतःच ओठांतल्या ओठांत टक, टक म्हणायला शिकली. कधी मांडीवर थाप मारायची. चालणं काही देखणं झालं नाही. डोलत, झुकत, वॉकरवर भार टाकत चालायची ती. पण आता तिच्या पावलांचा आवाज दुसऱ्या खोलीतून ओळखू येत असे, आणि त्यात घाई नसे.

आई आणि ताईचं मात्र एका गोष्टीवरून बिनसलं. ताई म्हणाली, "तुम्ही खोलीत असलात की ती तुमच्याकडे बघते. कान तुमच्याकडे, तोल तुमच्याकडे. तासभर बाहेर बसा."

"बाहेर म्हणजे दाराबाहेर?"

"इमारतीबाहेर. दाराबाहेर असलात की तिला तुमचं खोकणंसुद्धा कळतं."

आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण भिंगरीच म्हणाली, "जा ना गं आई. मला काय होतंय?" तेव्हापासून आई रस्त्यापलीकडे झेरॉक्सच्या दुकानाबाहेरच्या बाकावर बसायची आणि केंद्राच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडक्यांकडे बघत राहायची.

त्या दिवशीही ती तिथेच बसली होती. दुपार होती. भिंगरीच्या जुन्या बुटाचा एक पट्टा सैल झाला होता, तो ती दाभणाने शिवत होती. समोर भोंगा वाजायला लागला तेव्हा तिला आधी वाटलं, कुणाच्या तरी गाडीचा असेल. मग माणसं दारातून बाहेर पडताना दिसली. पांढऱ्या कोटातली, चपला हातात घेतलेली, एकजण तर अर्धी दाढी केलेला. मग दुसऱ्या मजल्याच्या मागच्या बाजूने धूर निघताना दिसला. काळा, घट्ट, गादी जळल्यासारखा.

काळजात धस्स होणं म्हणजे काय हे तिला इतके दिवस माहीत आहे असं वाटत होतं. ते माहीत नव्हतं. पाय होते, पण ते तिचे नव्हते. दाभण बोटात घुसलं ते तिला रात्री कळलं. रस्ता तिने कसा ओलांडला हेही तिला पुढे कधी आठवलं नाही. आठवत होता तो भोंगा. थांबून थांबून, मध्ये श्वासाएवढी जागा सोडून, पुन्हा कानठळ्या बसवणारा. आणि तिच्या मनात एकच गोष्ट होती: पोर पडली असणार. पहिल्याच आवाजाला पडली असणार.

फाटकात पहारेकऱ्याने तिला अडवलं. दांडगा माणूस, रोज भिंगरीला सलाम ठोकणारा. आज त्याने तिचे दोन्ही दंड धरले.

"आत जाता येणार नाही, बाई."

"माझी पोर आहे वर."

"सगळ्यांना उतरवतायत. बंब निघालाय."

"ती उतरत नाही हो," आई म्हणाली. आवाज इतका साधा निघाला की तिलाच तो दुसऱ्या कुणाचा वाटला. "तिला उतरता येत नाही."

तेवढ्यात मागच्या अंगणाकडून मदतनीस मावशी आल्या. दोन्ही कडेवर दोन चिमुरड्या, दोघींचे पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. आईने फक्त विचारलं, "भिंगरी?"

"मी एका बाळाच्या आईला घेऊन आधी उतरले," मावशी धापा टाकत म्हणाल्या. "ताई या दोघींना घेऊन जवळचा म्हणून मागच्या जिन्याने आल्या. भिंगरीला म्हणाल्या, हलू नकोस, इथेच बस, मी आलेच. आता परत गेल्यात तिला आणायला. आत्ताच गेल्या."

म्हणजे तिला एकटीला ठेवलं. मला बाहेर काढलं आणि तिला एकटीला ठेवलं. आईच्या डोक्यात हे वाक्य गरगरत राहिलं, आणि ती पहारेकऱ्याला ढकलत राहिली. तिने त्याला चावायलाही कमी केलं नाही. त्याने हात सोडला नाही.

मग त्याचाच हात सैल पडला. तो आईच्या डोक्यावरून इमारतीच्या पुढच्या दाराकडे बघत होता.

पुढचं दार काचेचं होतं. त्यातून जिन्याचा शेवटचा टप्पा दिसत असे. त्या टप्प्यावर, वरच्या बाजूला, भिंगरीचे बूट दिसले.

आई हलली नाही. धावली असती तर कुणी अडवलं नसतं, पण ती हललीच नाही. दातखीळ बसावी तसं तिचं सगळं शरीर बसलं होतं. वॉकर नव्हता. भिंगरीने दोन्ही हातांनी कठडा धरला होता आणि ती खेकड्यासारखी आडवी उतरत होती. एक पाय खाली, मग दुसरा त्याच्याशेजारी. भोंगा वाजला की तिचं अंग ताठ व्हायचं, मान मागे जायची, आणि ती थांबायची. कठड्यावर छाती टेकून, डोळे मिटून. आवाज थांबला की एक हात किंचित उचलून ती कठड्यावर थाप मारायची. एक. दोन. मग पाय. पुन्हा भोंगा. पुन्हा ताठ. पुन्हा थाप. काचेमुळे थापेचा आवाज येत नव्हता, फक्त हात दिसत होता आणि ओठ हलताना दिसत होते.

भोंग्याचा ठेका वेगळा होता आणि पोरीचा वेगळा. ती त्याच्या फटीतून आपला ठेका काढत होती.

एका पायरीवर उजवा पाय डाव्यात अडकला. आईने पाहिलं, आणि पुढे काय होणार हे तिला माहीत होतं, कारण तेच आजवर होत आलं होतं. भिंगरी पडली. पण पडली ती बुडावर. दोन पायऱ्या घसरली, थांबली, आणि उठायच्या भानगडीत न पडता उरलेल्या पायऱ्या तशाच बुडाने उतरली. खाली आल्यावर कठड्याला धरून उभी राहिली, भिंतीला हात लावला आणि दाराकडे चालायला लागली.

दार पहारेकऱ्याने उघडलं. आई कुठून पोचली कुणास ठाऊक, पण पोचली. तिने भिंगरीला उराशी धरलं नाही. तिचे खांदे धरले आणि तिला गदागदा हलवलं.

"ताईंनी बसायला सांगितलं होतं ना?"

"हो."

"हलू नकोस म्हणाल्या होत्या ना?"

"हो."

"मग?"

भिंगरीचे दात वाजत होते. चेहऱ्यावर काजळीचा कणही नव्हता; पुढच्या जिन्यात धूर पोचलाच नव्हता. लिफ्टसमोरूनच आली होती ती, पण आग लागली की लिफ्टचं बटन दाबायचं नाही हे बाबाने तिला बोलता यायच्या आधीपासून शिकवलं होतं.

"तू खाली बसली होतीस," ती म्हणाली. "मी वर आहे म्हटल्यावर तू आत आली असतीस. तुला थोडंच कुणी थांबवणार होतं?"

आईने तिचे खांदे सोडले. ती तिथेच पायरीवर बसली. आजवर ती या पोरीची पाठ धरून चालली होती. पोर तिची काळजी करत तीन मजले उतरून आली, आणि तीही भोंग्यातून. हे कुठे ठेवायचं, डोक्याच्या कुठल्या कप्प्यात, हे तिला कळेना.

"ताई कुठायत?" भिंगरीने विचारलं.

मावशींनी मागच्या जिन्याकडे पाहिलं. तिथून आता धूर दोरखंडासारखा बाहेर येत होता.

"मी निघाले ते ताईंना माहीतच नाही," भिंगरी म्हणाली. "त्या मला शोधत बसतील."

आता आई उठली. आता तिचे पाय तिचे झाले. बंब आला होता, माणसं नळ्या ओढत होती. ती त्यातल्या एकापुढे जाऊन उभी राहिली आणि त्याच्या जाड अंगरख्याची बाही धरली. "वर तिसऱ्या मजल्यावर एक बाई आहे. ती एका मुलीला शोधतेय. ती मुलगी ही. ही इथे आहे. तिला हे सांगितल्याशिवाय ती खाली येणार नाही." त्याने एकदा भिंगरीकडे पाहिलं, तोंडावर मुखवटा चढवला आणि आणखी दोन जवानांना घेऊन आत गेला.

वाट बघायची होती. दुसरं काही करायचं नव्हतं. आईला वाईट वाटत होतं ते हे की मघाशी जिला ती शिव्याशाप देत होती, तिच्यासाठी आता ती देवाला विनवत होती, आणि मधे पाच मिनिटंही गेली नव्हती. भिंगरी तिच्या मांडीवर बसली होती. दर थोड्या वेळाने ती म्हणायची, "मी हाक तरी मारायला हवी होती." आई म्हणत होती, "ऐकू गेली नसती." "तरी मारायला हवी होती."

त्यांनी ताईला पुढच्या जिन्यानेच आणलं. ती चालत होती, पण दोघांनी तिला दोन्हीकडून धरलं होतं. नाकाखाली काळे ओघळ, डोळे लाल. आणि हातात भिंगरीचा वॉकर होता. तो तिने इतका घट्ट धरला होता की जिन्याच्या वळणावर तो अडकला तरी सोडला नव्हता म्हणे. रिकामा वॉकर सापडला तेव्हा तिला वाटलं होतं की पोर जवळच कुठेतरी पडलेली असणार. मग ती टेबलांखाली, गाद्यांमागे, पडद्यांमागे शोधत राहिली. बंबवाल्याने सांगितलं की मुलगी खाली आहे, तर म्हणाली, खोटं बोलू नका, तिला उतरता येत नाही.

तिने भिंगरीला पाहिलं. मग भिंगरीच्या पायांकडे. पुन्हा तोंडाकडे. बोलायला तोंड उघडलं तर नुसता खोकला आला. ती रस्त्याच्या कडेला बसली, वॉकर समोर ठेवला, आणि दोन्ही हातांनी तो धरून बसून राहिली. रुग्णवाहिका आली तेव्हा तिच्या मुठी उघडाव्या लागल्या.

बाबा संध्याकाळी घरी आला तोवर बातमी त्याच्या कानावर गेली होती. त्याने आधी पोरीला डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं, मग विचारलं, "कुणी उचलून आणलं हिला?"

"कुणी नाही."

"म्हणजे?"

"कुणी नाही म्हणजे कुणी नाही. आपली आपण आली."

तो हसला. मग बायकोच्या चेहऱ्याकडे बघून त्याचं हसू विरलं. दुसऱ्या दिवशी कामाला जाताना तो वाट वाकडी करून त्या इमारतीशी गेला आणि पहारेकऱ्याला सांगून पुढचा जिना वरपर्यंत चढून आला. दुसऱ्या मजल्यावरच्या कोठारात तारा जळून साठवलेल्या गाद्यांनी पेट घेतला होता; मागची बाजू सगळी काळी झाली होती, पुढचा जिना जसाच्या तसा. संध्याकाळी घरी येऊन तो जेवला नाही. एवढंच म्हणाला, "वळणावर कठडाच नाही गं. वीतभर मोकळी जागा आहे. तिथे काय धरलं असेल तिने?" आणि भिंगरीला विचारायचं धाडस दोघांनाही झालं नाही.

व्यायामताई रुग्णालयात होती. आई दोन दिवस गेली नाही. तिच्या मनात बोलायचं सगळं तयार होतं, रोज त्याला धार लावत होती. तिसऱ्या दिवशी दुकानातून सुटून ती भिंगरीला घेऊन गेली. पोरीला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि एकटीच आत शिरली.

ताई उशीला टेकून बसली होती. नाकाला नळी. घसा धुराने असा सोलवटला होता की आवाज कुजबुजण्यापलीकडे जात नव्हता. आईला बघताच तीच आधी बोलली.

"मी तिला एकटीला ठेवून गेले. दोघी उचलता येत होत्या. तिसरी येत नव्हती. ती मोठी आहे, शहाणी आहे, ऐकेल असं वाटलं."

"आणि मला बाहेर बसवलंत तुम्ही."

"हो."

"मी असते तर मी तिला उचललं असतं."

"हो. उचललं असतंत."

आईला वाटलं होतं ती बाजू मांडेल, कारणं देईल, मग आपल्याला तुटून पडता येईल. ती काहीच करेना. नुसतं हो म्हणत होती. धार लावलेलं सगळं आईच्या हातात तसंच राहिलं.

मग ताईने तिचा पदर ओढला. "कशी उतरली?" ती म्हणाली. "मला कुणीच नीट सांगत नाही. पहारेकरी म्हणतो, मस्त उतरली. मस्त म्हणजे काय? मी वर होते. मी पाहिलंच नाही."

हे आईच्या लक्षातच आलं नव्हतं. या बाईने पोरीला एकेक पाऊल शिकवलं, आणि ज्या दिवशी पोर उतरली त्या दिवशी ही त्याच इमारतीत गाद्या उपसत तिचं शव शोधत होती. नीट पाहिलं ते फक्त तिने, जिला बाहेर बसवलं होतं.

ती खाटेच्या कडेला बसली. "आडवी उतरली," ती म्हणाली. "दोन्ही हात कठड्याला."

"आधी कुठला पाय?"

"डावा." तिला स्वतःलाच नवल वाटलं. तिला सगळं आठवत होतं, घासलेल्या काचेतून बघावं तसं स्वच्छ. "डावा खाली, मग उजवा त्याच्याजवळ."

"टाच?"

"डावी लागत होती. उजवी अर्धवट."

"भोंगा वाजला की?"

"थांबायची. ताठ व्हायची, पण हात सोडले नाहीत. आवाज थांबला की कठड्यावर दोन थापा मारायची आणि मग पाय टाकायची."

"दोन थापा," ताई म्हणाली. "दोन मी शिकवलेल्या नाहीत. मी सरळ चालू ठेवायला शिकवलं होतं." तिने डोळे मिटले, जशी ती खोलीत उभी राहून मिटायची, आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळायला लागलं. "थांबून पुन्हा सुरू करायचं तिचं तिने काढलं. पुढे सांगा."

"मग पडली."

"कशी?"

"बुडावर. आणि बाकीची तशीच घसरत आली."

ताईला हसू फुटलं आणि त्याचा खोकला झाला. परिचारिका धावत आली, तिने आईकडे रागाने पाहिलं, पाणी पाजलं, आणि जास्त बोलायचं नाही म्हणून बजावून गेली. आईने न विचारता ताईची पाठ चोळली. किती हडकुळी पाठ होती ती.

बाहेर वॉकरचा आवाज आला. भिंगरीला बाकावर बसवेना. ती दारातून आत आली आणि खाटेपासून हातभर अंतरावर थांबली.

"ताई, मी सांगून जायला हवं होतं."

"हो," ताई कुजबुजली. "हवं होतं. मी तुला सगळीकडे शोधलं."

"सॉरी."

ताईने ते उडवून लावलं नाही, असू दे म्हणाली नाही. तिने मान हलवली, म्हणजे ऐकलं, एवढंच. भिंगरीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती रडली नाही. मग ताईने हात पुढे केला आणि भिंगरीने तो धरला.

"मी इथून सुटले की जिना घेऊ," ताई म्हणाली. "नीट शिकू. मध्ये थांबून पुन्हा सुरू कसं करायचं ते तू मला दाखव. मला येत नाही ते."

"जिना नको," आई म्हणाली.

दोघींनी तिच्याकडे पाहिलं. खिडकीबाहेर कुणीतरी लोखंडी खाट ओढत नेत होतं, तिचा कर्कश आवाज आला. भिंगरीचं अंग ताठ झालं, तिने ताईचा हात आवळला, आणि आवाज जाईपर्यंत थांबली. आई उभी होती ती तशीच उभी राहिली. तिच्या छातीत अजून त्या दुपारची धडधड होती आणि ती इतक्यात जाईल असं तिला वाटत नव्हतं.

"वळणावर कठडा नाही," ती शेवटी म्हणाली. "आधी तो बसवून घ्यायला सांगा. हिच्या बाबाला सांगितलं तर तो स्वतः येऊन बसवेल." तिने पदर खोचला. "आणि मी कुठे उभी राहू ते सांगा. बाहेर बसणार नाही मी आता. धरणार नाही, पण बाहेर बसणार नाही."

ताईने थोडा विचार केला.

"खालच्या पायरीशी," ती म्हणाली. "हात मागे बांधून."